आठशे बाय सहाशे

आमच्या छापखान्यात मला कुणी नावाने हाक मारत नाही. "ताई, स्क्रीन गेली," एवढंच ऐकू येतं. स्क्रीन कुठेही गेलेली नसते. वायर सैल झालेली असते, कुणाचा तरी पाय बटणावर पडलेला असतो, नाहीतर मॉनिटर आपणहून झोपलेला असतो आणि माउस जरा हलवून बघावा एवढंही कुणाला सुचलेलं नसतं. अकरा वर्षं मी टेबलांखाली शिरते आहे. धूळ खायची, पिना तपासायच्या, गुडघ्यावर हात टेकत वर यायचं, आणि वर आलं की "झालं का?" ऐकायचं. आता तर कुणी लांबून "ताई" म्हटलं तरी गुडघा आधी दुखतो.

सबंध छापखान्यात एकच माणूस असा होता की ज्याने मला कधी बोलावलं नाही. ते म्हणजे अनुस्वारकाका.

काका आमचे प्रूफरीडर. बुटके, गोल, आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसायची सवय, त्यामुळे हे नाव त्यांना चणीवरून पडलं असं नव्या माणसाला वाटतं. तसं नाही. मी येण्याच्या आधीची गोष्ट आहे. पत्रकांचा गठ्ठा छापून, घड्या घालून, खोक्यात भरायला तयार असताना काकांनी एका अनुस्वारासाठी सगळं थांबवलं होतं. मशीनवाल्यांनी त्यांना त्या दिवशी मनसोक्त शिव्या घातल्या, आणि नंतर बाहेरच्यांना तीच गोष्ट छाती फुगवून सांगायला लागले. काकांना आपलं टोपणनाव आवडायचं. कुणी चुकून खऱ्या नावाने पुकारलं तर त्यांना दोनदा पुकारावं लागायचं.

आम्ही औषधांची पत्रकं छापतो. गोळ्यांच्या नाहीतर थेंबांच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, आणि आपण तो न वाचता फेकून देतो, तो आम्ही करतो. कंपनीकडून मूळ प्रत येते, आमची टायपिस्ट तो मजकूर कॉम्प्युटरवर घालते, आणि पानात मांडण्याआधी काका तो एका साध्या खिडकीत मूळ प्रतीशी ताडून वाचतात. त्यांनी मजकुराखाली "वाचले" आणि आपलं नाव टाइप केलं की ती त्यांची सही, आणि मगच पुढचं काम. त्यानंतर मजकुराकडे कुणी बघत नाही, फक्त कागद आणि घड्या बघतात. मूळ प्रत काका भिंगाने वाचायचे. प्रूफवाल्याच्या हातात भिंग असलं की माणूस उलट भारदस्त वाटतो. त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

आणि ते सगळ्यांच्या आधी यायचे. बरोबर वीस मिनिटं. मॅनेजर आम्हा उशिरा येणाऱ्यांना काकांचा दाखला द्यायचे, आणि आम्ही मनातल्या मनात काकांवर दात खायचो.

आता माझ्या डोकेदुखीकडे येते. आमच्या मालकांनी काही वर्षांपूर्वी सगळे कॉम्प्युटर मुक्त यंत्रणेवर नेले. ही यंत्रणा कुणालाही वापरता येते, उघडून आत बघता येते, हवी तशी बदलता येते, आणि बिघडली तर ओरडायला समोर कुणी कंपनी नसते. मग मी असते. तर या यंत्रणेची नवी आवृत्ती आली आणि मी ती एका सुट्टीच्या दिवशी पाचही कॉम्प्युटरांवर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार टेबलांवरून चार हाका. अक्षरं फुगलेली, कडा पुसट, कुणाच्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

कारण साधं होतं, सापडायला मात्र दीड दिवस गेला. मॉनिटर आपलं माप केबलमधून कॉम्प्युटरला सांगत असतो. आमच्या केबली जुन्या, निळ्या टोकाच्या, पिना वाकलेल्या. जुनी यंत्रणा अंदाजाने सांभाळून घेत होती. नवीला माप कळेना, तेव्हा तिने सगळ्यांना एकच जाडंभरडं माप देऊन टाकलं. मी नव्या चपट्या केबली मागवल्या, एकेक करून बदलल्या, सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचं खरं माप लावलं. एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. अक्षरं सुईने कोरल्यासारखी झाली. टायपिस्ट म्हणाली, "अगं बाई, एवढं स्वच्छ होतं होय हे!" अकरा वर्षांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

चार झाले. पाचवा काकांचा.

"माझं ठीक आहे, राहू द्या," काका म्हणाले.

"काका, ठीक कुठे आहे? अक्षरं बघा, सूज आल्यासारखी दिसताहेत."

"मला चालतंय. तुम्ही दमलाहात. बसा जरा."

मी खरंच दमले होते. पण चार कॉम्प्युटर लख्ख करून पाचवा तसाच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तो हट्ट म्हणा, अहंकार म्हणा. काका जेवायला उठले आणि मी त्यांच्या टेबलाखाली शिरले. नवी केबल, खरं माप, बाहेर. ते परत आले तेव्हा मी हात धूत होते. बेसिनवरून मला ते पाठमोरे दिसले. ते खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघितलं, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मला वाटलं, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली.

"ताई, ते आधी होतं तसं होईल का?"

"आधी बिघडलेलं होतं, काका. आता बरोबर आहे. दोन दिवसांत सवय होईल."

"होय का? बरं."

एवढंच. मी पुढे निघून गेले. माझ्यापुढे स्कॅनर पडला होता, मॅनेजरच्या प्रिंटरने कागद गिळला होता. माणूस "बरं" म्हणाला की मी ते बरंच समजते.

तीन दिवसांनी मॅनेजर माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"काकांचा कॉम्प्युटर बिघडलाय का हो? डोळ्यांच्या थेंबांचं पत्रक सोमवारपासून त्यांच्याकडे पडून आहे. दोन पानांचा मजकूर. विचारलं की म्हणतात, बघतोय. मशीन रिकामं बसलंय. कंपनीवाले रोज फोन करून माझा जीव खातात."

"कॉम्प्युटर ठणठणीत आहे," मी जरा ठसक्यात म्हणाले. "मीच लावलाय."

"मग काकांना विचारा काय ते. मला सांगत नाहीत."

मी गेले तेव्हा काका जागेवर नव्हते, चहाला गेले होते. मी खुर्ची ओढून बसले. मजकुराची खिडकी उघडी होती आणि तिच्यामागे काळी खिडकी. हुकूम टाइप करायची. आमच्याकडे ती माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, उघडली गेली तर घाबरून बंद करतात. काकांच्या कॉम्प्युटरवर ती काय करते आहे? त्या खिडकीत वरच्या बाणाची कळ दाबली की आधी दिलेले हुकूम एकामागून एक दिसतात. मी दाबली. एक ओळ आली. पुन्हा दाबली. तीच ओळ. पुन्हा तीच. कधी एक अक्षर गळलेलं, कधी एक जास्त, कधी दोन शब्द चिकटलेले, पण ओळ तीच. व्हीजीए-१ नावाच्या स्क्रीनला आठशे बाय सहाशेचं माप लाव.

मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. तीसेक तरी होत्या. आणि प्रत्येकीखाली यंत्रणेचं एकच उत्तर: या नावाची स्क्रीन सापडली नाही, दुर्लक्ष करत आहे.

ते माझ्यामुळे. जुन्या केबलच्या वाटेचं नाव व्हीजीए-१. मी केबल बदलली तशी वाट बदलली, नाव बदललं. स्क्रीन आता एचडीएमआय-१ झाली होती आणि काका तिला तीन दिवस जुन्याच नावाने हाका मारत होते. उत्तर इतक्या बारीक अक्षरांत येत होतं की ते त्यांना दिसतच नव्हतं.

काका चहाचा कप घेऊन आले आणि मला पाहून उभेच राहिले. मग कप ठेवला, शेजारच्या स्टुलावर बसले.

"सापडलं वाटतं," ते म्हणाले.

"काका, कधीपासून?"

"तीन वर्षं झाली." त्यांनी चष्म्याच्या डबीतून एक चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरांत तोच हुकूम. "आपल्याकडे टंकांचं, म्हणजे फॉन्टचं काम बघायला एक दादा यायचे, आठवतात? त्यांनी लिहून दिलं होतं. कॉम्प्युटर बंद केला की माप परत मूळपदावर जातं, म्हणून रोज सकाळी घालावं लागतं. चिठ्ठीत बघून एकेक अक्षर शोधायचं म्हणजे मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बाकीचे यायच्या आत उरकलेलं बरं."

वीस मिनिटं आधी येण्याचं कोडं असं सुटलं. मला आठवलं, आम्ही त्यांना पाठीमागे 'घड्याळ' म्हणायचो.

"डोळ्यांना काय झालंय?"

"मधोमध डाग आहे. ज्या अक्षराकडे बघावं तेच अक्षर जातं. जरा बाजूला बघितलं की दिसतं, पण मोठं असेल तर. वाढत जाणार म्हणतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅनेजरांना बोलू नका. डोळे गेलेला प्रूफवाला कोण ठेवील? दोन वर्षं राहिलीत माझी. घरी मी आणि बहीण. ती दिवसभर तिच्या कामाला. मला वाचण्याशिवाय दुसरं काही येत नाही हो, ताई. स्वयंपाकसुद्धा येत नाही."

"आणि हे पत्रक?"

"दिसत नाही, म्हणून सही करत नाही," काका म्हणाले. "न वाचता सही केलेली नाही मी कधी. एवढं मात्र खरं."

मला राग आला. काकांचा नाही. त्या दिवशी ते उठून जाताच टेबलाखाली घुसलेल्या बाईचा. पण माझा राग हातांतून निघतो. मी कळफलक पुढे ओढला.

चिठ्ठीत नाव बदलून दिलं असतं तरी भागलं असतं. आठशे बाय सहाशे परत आलं असतं, तीच सुजलेली, पुसट अक्षरं. पण तो काही उपाय नव्हता, ते बिघाडच जपून ठेवणं होतं. मी मॉनिटरचं खरं माप तसंच ठेवलं आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याचा आकार दुप्पट केला. अक्षरं, खिडक्या, बटणं, सगळं. माउसचा बाणसुद्धा मोठा केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी टिकेल असं ठेवलं. मग उठले आणि काकांना बसवलं.

ते नेहमीसारखे मान जराशी वळवून, तिरके बघत बसले. हळूहळू पुढे झुकले. मग मागे आले.

"तुम्हा सगळ्यांना हे असं दिसतं?" त्यांनी विचारलं. "इतकं काळं? इतकं कडेने सुटं?"

"आम्हाला याहून बारीक दिसतं. पण असंच, हो."

ते हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "चला, मॅनेजरना सांगा, अर्ध्या तासात देतो."

मी जायला हवं होतं, पण गेले नाही. त्यांना वाचताना बघत राहिले. एका हातात भिंग मूळ प्रतीवर, दुसरा हात माउसवर. शंका आली की ते मजकूर एक ओळ वर सरकवायचे. ठिपका मजकुराबरोबर सरकला तर आपला, जागेवर राहिला तर काचेवरची धूळ. दुसऱ्या पानावर त्यांनी असंच एकदा सरकवलं, परत खाली आणलं, परत सरकवलं.

"इथे वाचा बरं काय आहे," ते म्हणाले.

मी वाचलं. "दुखऱ्या डोळ्यांत रोज दोन थेंब टाकावेत."

"डोळ्यांत. आणि मूळ प्रतीत?"

मी भिंगाखाली बघितलं. तिथे 'डोळ्यात' होतं. अनुस्वार नव्हता.

"डोळ्यात म्हणजे एका. अनुस्वार दिला की दोन्ही. हे औषध कडक आहे. चांगल्या डोळ्यात घालू नये म्हणून ते मुद्दाम एकवचनात लिहितात. टायपिस्टचा हात सवयीने अनुस्वार देऊन गेला." त्यांनी खूण केली. जुना रुबाब चेहऱ्यावर आला होता. आणि मग तो गेला. खूण करता करता त्यांचा हात थांबला.

"ताई, हा मजकूर नवा घातलाय की मागच्या वर्षीच्या फाइलवरून घेतलाय?"

"मागच्या वर्षीचाच असणार. त्यात दोन-तीन ओळीच बदलल्यात."

"मागच्या वर्षीची फाइल काढा."

मी काढली. दुसरं पान. दुखऱ्या डोळ्यांत. तो ठिपका शिरोरेषेच्या वर, स्वच्छ, काळा, जागच्या जागी होता. खाली नोंद होती: वाचले. आणि काकांची सही.

आठशे बाय सहाशेच्या सुजलेल्या अक्षरांत तो ठिपका शिरोरेषेतच मिसळून गेला असणार. काकांनी वाचलं होतं. प्रामाणिकपणे, अक्षर न अक्षर. त्यांना 'डोळ्यात'च दिसलं होतं.

मग मी जे बोलले त्याची आजही लाज वाटते.

"काका, यात दुरुस्त झालंय ना? मग झालं. मागचा साठा संपत आला असेल. पत्रक कोण वाचतं? आपणसुद्धा वाचत नाही."

"धडधाकट माणूस वाचत नाही," काका म्हणाले. "हे थेंब ज्याला लागतात त्याला वाचताच येत नसणार, माझ्यासारखं. तो कुणाला तरी वाचून दाखवायला सांगेल. सून असेल, नातू असेल. ते बिचारे लिहिलंय तसंच वाचतील आणि दोन्ही डोळ्यांत घालतील."

ते उठले. मागच्या वर्षीचं ते पान त्यांनी माझ्याकडून छापून घेतलं आणि मॅनेजरच्या खोलीत गेले. दार लावलं नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. चूक कुठे आहे ते सांगितलं, कंपनीला आजच कळवा म्हणाले, उरलेली खोकी परत मागवायला सांगा म्हणाले. आणि चूक का झाली तेही सांगितलं. मॅनेजर वाईट माणूस नाही. ते आधी "काका, बसा," म्हणाले, मग फोनवर बोलले. तिकडून कंपनीने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. आमची पत्रकं यापुढे दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवीत, ही त्यांची पहिली अट. मॅनेजर म्हणत होते, "साहेब, माणूस स्वतःहून येऊन सांगतोय, एवढं तरी बघा." तिकडच्यांनी नसावं बघितलं.

काका परत आले. डोळ्यांच्या थेंबांचं राहिलेलं अर्धं पान वाचून संपवलं. खाली सही केली नाही. मूळ प्रत बाजूला ठेवून, "नवीन माणसाकडून पुन्हा वाचून घ्या," असं मला सांगितलं. मग भिंग पुसलं, डबीत ठेवलं, दोन पेन्सिली खिशाला लावल्या. एकतीस वर्षांचं एवढंच सामान निघालं. निघताना पुन्हा खुर्चीत टेकले आणि स्क्रीनवरचा मजकूर उगाचच वर-खाली सरकवत राहिले. मला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं आणि मला जे येतं ते करून झालेलं होतं.

"ताई, हे करायला तुम्हाला किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. अर्धा तास म्हणायचं, नवी यंत्रणा आली म्हणून जमलं, आधी जमण्यासारखं नव्हतं म्हणायचं. पण मी इतकी थकले होते की खरं तेच तोंडातून गेलं.

"दोन मिनिटं."

"आणि जुन्या यंत्रणेत?"

"तिच्यातही तेवढाच."

काकांनी मान हलवली. उठले, खुर्ची नीट टेबलाला लावली.

"त्या दिवशी मी राहू द्या म्हणालो," ते म्हणाले, "तेव्हा का म्हणून विचारलं असतंत, तर सांगून टाकलं असतं मी. जिभेवर आलं होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जिन्याशी ते क्षणभर थांबले, मान जराशी वळवून पहिली पायरी बघितली, कठडा धरला, आणि खाली गेले.